पंधरा यार्डांचा नमस्कार

माझा भाचा ज्या सभ्यपणे दुसऱ्याच्या छातीवर बसतो, तेवढ्या सभ्यपणे लोक दुसऱ्याच्या सोफ्यावरही बसत नाहीत. हे मी मावशी आहे म्हणून म्हणत नाही. मावशी म्हणून मला त्याच्याविरुद्ध बरंच काही बोलता येईल. माझ्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, पाहुण्यांच्या खोलीतला पलंग आणि बाथरूमच्या दाराची बिजागरी त्याने निकालात काढली आहे. पण माणसं आडवी करणं हाच ज्याचा पेशा, त्याने आडव्या झालेल्या माणसाची इतकी काळजी करावी, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. माझा भाचा अमेरिकन फुटबॉल खेळतो. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही कित्येक वर्षं माहीत नव्हता. या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच कुणी लावतं. एका संघाचा क्वार्टरबॅक नावाचा देखणा मुलगा चेंडू हातात धरून तो कुणाकडे फेकावा याचा विचार करत उभा असतो. त्याच्या रक्षणासाठी पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते. ती भिंत फोडून, त्या देखण्या मुलाचा विचार पूर्ण व्हायच्या आत त्याला जमिनीवर लोळवायचं, हे समोरच्या संघातल्या डिफेन्सिव्ह लाइनमनचं काम. माझा भाचा डिफेन्सिव्ह लाइनमन आहे. उंची सहा फूट चार इंच. वजन विचारलेलं ताईला आवडत नाही, पोराला नजर लागते म्हणते. घरात त्याला सगळे पिल्लू म्हणतात.

ताई, म्हणजे त्याची आई आणि माझी मोठी बहीण, आणि मी अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहतो. मधे फक्त पार्किंग लॉट. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, दिवसभर एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरांची काळजी वाहतात आणि घरी आल्यावर उरलेल्या जगाची. या दोन किरकोळ अंगाच्या, पोळ्या मोजून खाणाऱ्या माणसांच्या पोटी हा मुलगा कसा आला याचा शोध नातेवाइकांनी बराच काळ घेतला. शेवटी भाऊजींच्या आजोळी कुणीतरी तालमीत जाणारे होते असं निघालं, तेव्हा कुठे दोन्ही घराण्यांना हायसं वाटलं. पाचवीत पिल्लूला माझे बूट येत, सहावीत भाऊजींचे, आणि सातवीपासून त्याला घरातल्या कुणाचेच येईनात. शरीर जसजसं वाढत गेलं, तसतसा तो स्वभावाने अंग चोरत गेला. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या माणसांना "इज इट ओके?" असं विचारायचा. खुर्चीत बसण्याआधी तिच्यावर हात दाबून तिचा अंदाज घ्यायचा, आणि तरीही ती मोडलीच तर आधी खुर्चीला सॉरी म्हणायचा, मग मला.

ताईने त्याच्यावर फार संस्कार केले असं नाही. मराठी वाचायला शिकवायचं तिने दोन उन्हाळ्यांत सोडून दिलं. संध्याकाळचे श्लोक पोहण्याच्या क्लासच्या वेळेत अडकले ते कायमचे. पण एका बाबतीत मात्र ती अजिबात हटली नाही. पाय लागला की नमस्कार. माणसाला लागो, पुस्तकाला लागो, लगेच वाकायचं, बोटं त्याला टेकवायची, तीच बोटं आपल्या छातीला लावायची, आणि मगच पुढे जायचं. आता तेराव्या वर्षी ज्याच्या पायाला फुटबॉलच्या दुकानातही मापाचा बूट मिळत नाही, त्याच्या पायाला दिवसभर काही ना काही लागणारच. वह्या, दप्तर, भाऊजींचं वर्तमानपत्र, देवासमोरची रांगोळी, सगळ्यांना नमस्कार झाले. एकदा लॅपटॉपच्या चार्जरला पाय लागला. "आई, चार्जरला पण?" त्याने विचारलं. "कॉम्प्युटरला जोडतात ना तो? मग कर," ताई म्हणाली. शेजारच्या मांजरीला हे कळल्यावर ती मुद्दाम येऊन त्याच्या पायात बसू लागली, कारण नमस्काराच्या निमित्ताने पाठीवरून हात फिरतो. बसस्टॉपवरच्या गोऱ्या मुलांना वाटायचं, हा काहीतरी भारतीय व्यायामप्रकार असावा.

फुटबॉल त्याच्या आयुष्यात आला तो बर्फामुळे. हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्ये कोचची गाडी बर्फात रुतली होती. कोच आत बसून चाकं फिरवत होते आणि शिव्या देत होते. पिल्लू मागून गेला, "एक्स्क्यूज मी" म्हणाला आणि गाडीचा मागचा भाग उचलून बाजूला ठेवला. गाडीच्या टायरला बूट लागला म्हणून वाकून नमस्कारही केला. कोचने आरशात फक्त पहिला भाग पाहिला, नाहीतर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. त्याच आठवड्यात कोच घरी हजर. भाऊजींना वाटलं कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढेल, ते लगेच तयार झाले. ताई मात्र अडून बसली. "माझा मुलगा कुणाला मारणार नाही," ती म्हणाली. कोच हुशार होते. म्हणाले, "मॅम, मारायचं नाहीच. फक्त पाडायचं." ताईने त्यावर विचार केला. पाडणं तिच्या नियमांत कुठे बसत नव्हतं, पण तिथे ते मनाई म्हणूनही लिहिलेलं नव्हतं. तिने परवानगी दिली, आणि पहिल्या सामन्याच्या आधी मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला आणि चारही मजले खाली लॉटमध्ये येऊन थांबले, ताईच्या मते हा नजर उतरल्याचा पुरावा होता.

त्या पहिल्याच सामन्यात पिल्लूने समोरच्या क्वार्टरबॅकला असं काही लोळवलं की आमच्या बाजूचे सगळे उभे राहिले. आणि मग पिल्लू उठला, उठताना त्याचा बूट त्या मुलाच्या खांद्याला लागला, तो परत वाकला, खांद्याला बोटं टेकवली, छातीला लावली आणि आपल्या जागेवर गेला. प्रेक्षकांत निम्मे आपले लोक. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट माझ्या मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "किती छान वळण आहे हो!" पुढे एका सामन्यात समोरच्या भिंतीत एक गुजराती मुलगा होता. पिल्लूने त्याला नमस्कार केला की त्याचाही पाय कुठेतरी लागलेला असायचाच, मग तो उलट नमस्कार करायचा. ते दोघं एकमेकांना नमस्कार करत उभे आणि चेंडू केव्हाच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, असा तो सामना झाला.

मग कॉलेजांचे कोच घरी येऊ लागले. अमेरिकेत चांगल्या खेळाडूला कॉलेजात घेण्याआधी कोच त्याच्या घरी जाऊन बसतो, आईवडिलांशी बोलतो. आमच्या घरी बाहेरचा माणूस येऊन बसणार, मुलाला पाहणार आणि पसंती कळवणार, एवढं कळल्यावर पुढचं ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने पडदे धुतले. कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर. पिल्लूला नवा कुर्ता घालून आतल्या खोलीत बसवला. मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा मोठ्या कॉलेजचा तो लालबुंद चेहऱ्याचा कोच सोफ्यावर बसल्यावर ताईने आत हाक मारली, आणि आमचं ते उंचच उंच पोर पोह्यांचा ट्रे घेऊन, मान खाली घालून बाहेर आलं. कोचनेही काही कमी केलं नाही. त्याने पिल्लूला उभं केलं, वळायला सांगितलं, चार पावलं चालायला सांगितलं, टेप काढून हाताचा पंजा मोजला. "आता गाणं म्हणायला सांगतो का बघ," मी ताईच्या कानात म्हटलं. तिने मला कोपराने ढोसलं. भाऊजींनी कोचला घरी कोण कोण असतं, आईवडील कुठे असतात, गावाकडे काही शेतीवाडी आहे का, असं सगळं विचारून घेतलं. ताईचा प्रश्न एकच होता. "जेवणाचं काय?" कोच म्हणाला, "दिवसातून पाच वेळा, मॅम. आणि तरी मला वाटतं तो बारीक आहे." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं पोर वाळलंय असं म्हणणारा जगातला दुसरा माणूस तिला त्या दिवशी भेटला होता. स्थळ पक्कं झालं.

कॉलेजात पिल्लू फार मोठा झाला, अंगाने आणि नावानेही. सुट्टीत तो आपल्या फळीतल्या तीन दोस्तांना घेऊन पार्सिपनीला यायचा. चौघं ताईच्या हॉलमध्ये मांडी घालून बसले की हॉल संपायचा. ताई पुरणपोळ्या लाटायची, मी भाजायची आणि भाऊजी तुपाची वाटी घेऊन फिरायचे. "यार, आँटी, वन मोअर," असं ते पिल्लूकडून शिकून म्हणायचे, आणि आग्रह करकरून वाढण्याचं जे सुख तिला मोजून खाणाऱ्या माहेरसासरने कधी दिलं नव्हतं ते ताईला मिळायचं. ते दोस्तही त्याला पिल्लू म्हणू लागले, मग अख्खा संघ, मग स्टेडियम. हजारो मक्याच्या शेतकऱ्यांना "पीलू! पीलू!" असं ओरडताना मी स्वतः ऐकलंय.

कुरकुर सुरू झाली ती इथेच. कारण आता सामने टीव्हीवर दिसत होते आणि पंच पार्सिपनीचे नव्हते. त्यांना काय दिसायचं ते एकदा त्यांच्या जागी उभं राहून पाहा. एक राक्षसासारखा खेळाडू एका माणसाला पाडतो. उठतो. मग परत वाकून, पडलेल्याच्या डोक्याला वगैरे हात लावतो आणि स्वतःच्या छातीवर हात मारतो. बघितलंस कोण आहे मी, असाच त्याचा अर्थ कुणीही लावेल. या खेळात पाडलं तर चालतं, पण पाडलेल्याला खिजवलेलं चालत नाही. पंच पिवळं फडकं टाकतो आणि संघाला पंधरा यार्डांची शिक्षा होते, म्हणजे घासून घासून मिळवलेली जमीन एका क्षणात समोरच्याला देऊन टाकायची. पिल्लू समजावून सांगायचा, "सर, माझा पाय लागला." पंच म्हणायचे, "पाय लागला तर काय झालं? तू त्याच्या अंगावर पडला होतास!" अख्खं अंग टाकलं तर चालतं आणि पावलाची कड लागली तर पाप, हे ताईलाही कधी नीट सांगता आलं नाही. "ते खेळाचं आहे, हे आपलं आहे," एवढंच ती म्हणायची.

कॉलेज संपल्यावर प्रोफेशनल संघ नवे खेळाडू निवडतात, त्या दिवशी ताईने श्रीखंड केलं होतं आणि आमच्या मराठी मंडळातली माणसं जमली होती. फोन आला नाही. नमस्काराची कीर्ती त्याच्या आधी पोचली होती. गुणी आहे पण डोकं फिरलेलं आहे, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. मग एका संघाने त्याला सरावापुरतं घेतलं. म्हणजे आठवडाभर बाकीच्यांनी याच्यावर धडका मारायच्या, आणि रविवारी सामना सुरू झाला की याने साध्या कपड्यांत बाजूला उभं राहायचं. तिथून त्याला काढलं, दुसऱ्यांनी घेतलं, त्यांनी काढलं, तिसऱ्यांनी घेतलं. आमच्याकडे आयटीत प्रोजेक्ट संपलं की माणूस बेंचवर बसतो, त्यामुळे भाऊजींना हा प्रकार पटकन कळला. "घाबरू नकोस, बेंच इज पार्ट ऑफ करिअर," असं ते फोनवर सांगायचे. पिल्लू दर वेळी नव्या गावात एक बॅग, एक कुकर आणि स्वतःच्या मापाची एक खुर्ची घेऊन जायचा. मला मेसेज यायचा, "मावशी, न्यू टीम. पीपल आर नाइस." त्याला जग सगळीकडे नाइसच भेटायचं.

आणि मग एका रविवारी ते झालं. संघातले दोन लाइनमन जखमी होते म्हणून पिल्लूला खरा गणवेश चढवायला मिळाला होता. आम्ही सगळे ताईच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणजे शांपूच्या जाहिरातीत दिसणारा मोठा माणूस. शेवटची मिनिटं, पिल्लूचा संघ दोन गुणांनी पुढे. समोरच्यांचा हा एक प्रयत्न फसला की सामना खिशात. चेंडू हलला, आणि आमचं पोर त्या भिंतीतून असं गेलं जसं पार्टीला गच्च भरलेल्या घरातून ते कायम जातं, खांदा तिरका करून. शांपूवाला आडवा. भाऊजी टेबलावर चढले. मी किंचाळले. ताई हात जोडून उभी राहिली. पिल्लू उठला. त्याच्या बुटाची कड त्या माणसाच्या हेल्मेटला लागली, अगदी जेमतेम. "नको रे, नको, नको," असं भाऊजी टेबलावरून टीव्हीला म्हणू लागले. पिल्लू वाकला. हेल्मेटला बोटं टेकवली, छातीला लावली. पिवळं फडकं त्याच्या पायाशी येऊन पडलं. पंधरा यार्ड आणि समोरच्यांना नव्याने संधी. त्यांनी चेंडू लाथेने खांबांच्या मधून मारला, त्याचे तीन गुण, आणि एका गुणाने सामना घेऊन गेले.

पुढचे दोन दिवस टीव्हीवर जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. चार टायवाले एका टेबलाभोवती बसून पिल्लूचा नमस्कार सावकाश गतीने पुन्हा पुन्हा दाखवत होते. एक म्हणाला, हा म्हणतोय की तुझं डोकं माझ्या हृदयात आहे, म्हणजे तू माझा गुलाम. देहबोलीच्या एका बाईंनी सांगितलं की यात लहानपणीचा राग दिसतो. भाऊजींनी चॅनेलला एक लांबलचक ईमेल पाठवला. मंडळाच्या ग्रुपवर सह्यांची मोहीम सुरू झाली, तिथेही नमस्कार एका हाताने की दोन हातांनी यावरून दोन तट पडले आणि मोहीम बारगळली. पिल्लूला काही विचारायला कुणी गेलंच नाही. मंगळवारी संघाने त्याला काढलं.

तो घरी आला आणि ताईच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसला. चिडला नाही, रडला नाही. मी त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली, ती तशीच राहिली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मग एका नव्या संघाचा फोन आला. उन्हाळ्याच्या सरावाला ये, म्हणाले, तुझ्यासारखा झपाट्याने आत घुसणारा माणूस आम्हाला हवाय. पण ते जे काय करतोस ते एकदा जरी केलंस तरी त्याच दिवशी परत जायचं. आणि इथून काढलं तर पुढे कुणी बोलावणार नाही, हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं. पिल्लूने फोन ठेवला आणि ताईकडे पाहून म्हणाला, "आई, मला खेळायचंय. मला दुसरं काही येत नाही. पण इट जस्ट हॅपन्स. माझा हात आपोआप जातो."

त्या दुपारी आमच्या घराण्यात कधी झाली नसेल अशी शिकवणी सुरू झाली. आधी भाऊजी गालिच्यावर आडवे झाले. "लाव पाय!" ते छताकडे पाहत ओरडले. पिल्लूने, सराव खरा व्हावा म्हणून घातलेल्या, बुटाचं टोक त्यांच्या दंडाला लावलं आणि क्षणात वाकून नमस्कार केला. "नाही करायचा! परत!" परत लावला, परत केला. भाऊजींनी युक्ती काढली, पिल्लूच्या दोन्ही हातांत कणकेचे डबे दिले. त्याने डबे खाली ठेवून नमस्कार केला. मी त्याचे हात मागे धरले, तर नमस्कारात मीही खाली गेले. मग मी झोपले, मग भाऊजी परत झोपले. खालच्या मजल्यावरचे काका काय आदळतंय म्हणून बघायला वर आले, त्यांनाही झोपवलं. त्यांना तर पिल्लूने दोनदा नमस्कार केला, कारण ते वयाने मोठे. हसून हसून आमची पुरेवाट झाली. पिल्लूही हसत होता, पण घामाने ओला झाला होता.

ताई तोवर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसत नव्हती. तिने ओल्या हातांचं पाणी पदराला नाही, चक्क आपल्या ऑफिसच्या पँटला पुसलं, भाऊजींना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः गालिच्यावर आडवी झाली.

"मला लाव," ती म्हणाली.

"आई, नो."

"लाव म्हणते ना. आणि हात खाली ठेव."

"आय कान्ट. आई, प्लीज. मावशी, तू सांग ना तिला."

ताई डोळे मिटून पडली होती. एवढीशी दिसत होती. "मीच शिकवलं ना तुला?" ती डोळे न उघडता म्हणाली. "मग मीच सांगते, नको करूस. मला काही वाटणार नाही. लाव."

पिल्लूने बूट काढला. मोजाही काढला. पायाचं बोट तिच्या खांद्याला जेमतेम टेकवलं. त्याचा उजवा हात पुढे आला, आणि तिथून त्याने तो परत मांडीला चिकटवला. तसाच उभा राहिला. मग बाल्कनीत गेला आणि थंडीत पाठमोरा उभा राहिला. ताई उठली, गालिचा सरळ केला आणि कुकर लावायला गेली. खालचे काका "चलतो मी" म्हणून निघून गेले. भाऊजी म्हणाले, "जमलं की!" आणि कणकेचे डबे आत नेऊन ठेवले.

त्या उन्हाळ्यात तो नव्या संघाच्या सरावाला गेला, आणि शेवटच्या सराव-सामन्यात त्याची परीक्षा झाली. आम्ही पुन्हा टीव्हीसमोर. पिल्लू आत घुसला, क्वार्टरबॅकला घेऊन खाली गेला, उठताना त्याचा पाय त्या मुलाच्या पोटाला लागलेला आम्ही चौघांनी स्पष्ट पाहिला, चौथे ते खालचे काका. पिल्लू सरळ उभा राहिला. वळला. चालत आपल्या जागेवर गेला. फडकं पडलं नाही. त्या एका गोष्टीसाठी आम्ही किती महिने जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि आता ती झाल्यावर टाळ्या वाजवायला कुणाचाच हात उचलला जाईना. मला आनंद झाला होता, हे खरंच. आणि आपल्या घरातलं काहीतरी आपणच उचलून दाराबाहेर ठेवलं, असंही वाटत होतं. तो संघात पक्का झाला. मंडळाच्या ग्रुपवर लाडवांची चित्रं आली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी ताईकडेच होते, फोन स्पीकरवर होता. "आई, पाहिलंस?"

"पाहिलं रे. छान झालं."

मग तो म्हणाला, "आई, मी केला. मनात केला. नोबडी कॅन सी इट. जरा वेळ लागतो, बट आय डू इट."

ते खरं होतं, की आईला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे मला माहीत नाही. ताईने विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि जेवलास का विचारलं.

आता तो दर रविवारी खेळतो. गुडघे कुरकुरतात, हा धंदा फार वर्षांचा नसतो हे त्यालाही कळतं आणि आम्हालाही. खेळावर बोलणारे टायवाले त्याच्यावर खूश आहेत, त्यांची तक्रार एकच आहे. परवाच्या सामन्यात पिल्लूने एकाला पाडलं आणि सगळे बाजूला झाल्यावरही तो क्षणभर तिथेच गुडघ्यावर राहिला, मान खाली, हात मांडीवर. मग उठला. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, इतका चांगला खेळाडू, पण दर वेळी उठायला उशीर करतो, कुणीतरी याला ही सवय सोडायला सांगायला हवी.

ताई पुढे वाकून टीव्हीकडे पाहत होती. "असू दे," ती त्या टीव्हीवरच्या माणसाला म्हणाली.